सँड्रा आणि मायकेल क्रेतू : पत्रकावर नाव कोणाचे लिहावे?

टिळकवाडीकर

नमस्कार. बेळगावातल्या आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या अखेरच्या शनिवारी आम्ही पंधरावीस जण जमतो, एखाद्या गायकाची किंवा संगीतकाराची गाणी क्रमाने ऐकतो आणि मग त्यांवर बोलतो. नाट्यसंगीत, मराठी आणि कन्नड भावगीते, जुनी चित्रपटगीते असे बरेच ऐकून झाले आहे. पुढची बैठक माझ्याकडे आली असून मी १९८०च्या दशकातली जर्मन गायिका सँड्रा हिची निवड केली आहे.

निवडीमागचे कारण घरगुती आहे. माझे धाकटे काका मस्कतला नोकरीला होते. १९८६ साली ते सुटीवर आले तेव्हा त्यांनी एक टेपरेकॉर्डर आणि सात-आठ कॅसेटी आणल्या, आणि त्यांतल्या एकीवर सँड्राचे 'मारिया मॅग्दालेना' हे गाणे होते. संध्याकाळी माजघरात ते लागले की आजी हातातले निवडणे थांबवून ऐकत असे. शब्द तिला कळत नव्हते, पण एकदा ती म्हणाली, "वाजवणारा पळतोय आणि ही बाई मात्र सावकाश चालली आहे." हे वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेले नाही, आणि बैठकीची सुरुवात मी त्यानेच करणार आहे.

अडचण पत्रकाची आहे. सँड्राची जवळपास सगळी प्रसिद्ध गाणी मायकेल क्रेतू या एकाच माणसाच्या हाताखाली तयार झाली. तो तिचा प्रोड्यूसर होता, १९८८ साली त्या दोघांचा विवाह झाला आणि २००७ साली ते कायद्याने वेगळे झाले. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे, की हे सगळे काम क्रेतूचे असून सँड्रा हा केवळ त्याने वापरलेला आवाज आहे, त्यामुळे पत्रकावर मोठ्या अक्षरांत त्याचेच नाव असावे. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. आणखी एक पेच असा, की आमचे पत्रक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत निघते, आणि 'प्रोड्यूसर' या शब्दासाठी काय लिहावे यावर दोन्ही भाषांत अडले आहे. 'निर्माता' लिहिले तर लोकांना पैसे घालणारा माणूस वाटतो, आणि कन्नडमधल्या 'निर्मापक' या शब्दाचीही तीच गत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणीकर

टिळकवाडीकर, विषय निवडल्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. मी वीस वर्षे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला आहे. गणेशोत्सवात चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल असे आमचे कार्यक्रम सलग होत असत, त्यामुळे या संगीताकडे मी वाजवणाऱ्याच्या बाजूने पाहतो.

आधी शब्दाचा प्रश्न. आपल्याकडे संगीतकार चाल बांधतो, अरेंजर म्हणजे संयोजक वाद्यमेळ लिहितो, ध्वनिमुद्रक आवाज टिपतो, आणि पैसे घालणारा तो निर्माता. युरोपातल्या सिंथ-पॉपमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर बेतलेल्या पॉप संगीतात, प्रोड्यूसर म्हटला जाणारा माणूस यांतली पहिली तीन कामे बऱ्याच अंशी एकटा करतो आणि शिवाय कोणता टेक ठेवायचा व कोणता टाकायचा याचा निर्णयही त्याचाच असतो. तेव्हा पत्रकावर 'रचना, संयोजन आणि ध्वनिमुद्रण' असे फोडून लिहिलेत तर कोणाचाही गैरसमज होणार नाही. कन्नडमध्येही तसेच करता येईल.

एकट्याने एवढे करणे त्याच सुमारास का शक्य झाले हे बैठकीत अवश्य सांगा. १९८३ साली मिडी नावाची पद्धत बाजारात आली. वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एका केबलने जोडून एकाच तालाच्या घड्याळावर चालवणे तिच्यामुळे जमू लागले. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला आणि ऱ्हिदम मशीन तर आधीपासूनच होते. पूर्वी ज्या कामाला ड्रमवाला, बासवाला आणि दोन कीबोर्डवाले लागत, ते काम एक शिकलेला माणूस एका खोलीत रात्रभर बसून करू लागला. मात्र तो खरोखर शिकलेला असावा लागे, कारण यंत्र स्वतःहून काहीही सुचवत नाही.

क्रेतू तसा शिकलेला होता. त्याचा जन्म १८ मे १९५७ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे झाला. लहानपणी त्याने पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रीतसर शिक्षण घेतले आणि पुढे १९७५ ते १९७८ या काळात तो जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या संगीत अकादमीत शिकला. नंतर त्याने फ्रँक फारियान या निर्मात्याकडे काम केले आणि फारियानच्याच बोनी एम. या डिस्को गटाच्या ध्वनिमुद्रणांत कीबोर्ड वाजवला. म्हणजे आपल्या काकांनी आणलेल्या कॅसेटींत बोनी एम. असेल, तर क्रेतूची बोटे आपण कदाचित सँड्राच्या आधीच ऐकली असतील.

'मारिया मॅग्दालेना' लावल्यावर श्रोत्यांना आधी फक्त तालाकडे लक्ष द्यायला सांगा. प्रत्येक मात्रेवर ड्रमचा सारखाच ठोका आहे, त्यात भरी-खाली असा भेद नाही. त्याखाली बासचे स्वर खालच्या आणि वरच्या सप्तकात उड्या मारत धावतात. हा बास हाताने सलग चार मिनिटे तसाच वाजवून पाहा, दुसऱ्या कडव्यापर्यंत मनगट दुखू लागते. मी वाजवला आहे म्हणून सांगतो. यंत्राला तो थकवा नसतो, आणि त्या न थकण्यातूनच या संगीताची विशिष्ट ओढ तयार होते. आपल्या आजींनी "वाजवणारा पळतोय" असे जे म्हटले, ते अगदी नेमके याच जागेवर बोट ठेवणारे आहे.

शहापूरकर

आपल्या ज्येष्ठ सभासदांचा मुद्दा मला बराचसा योग्य वाटतो, आणि तो इतक्या सहज बाजूला सारू नये असे माझे आग्रहाचे मत आहे.

क्रेतू ज्या फारियानच्या कार्यशाळेतून बाहेर पडला, त्या कार्यशाळेची रीत लक्षात घ्या. बोनी एम.मध्ये रंगमंचावर नाचणारा पुरुष बॉबी फॅरल होता, पण ध्वनिमुद्रिकेवरचा पुरुषी आवाज स्वतः फारियानचा होता. पुढे मिली व्हॅनिली या जोडीने आपण गायलेलेच नाही हे उघड झाल्यावर १९९० साली त्यांचा ग्रॅमी पुरस्कार काढून घेण्यात आला, आणि त्यांचा निर्माताही फारियानच होता. जर्मन स्टुडिओ-पॉपमध्ये चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा ही गोष्ट अपवादाची नव्हती. त्यामुळे संशय घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

सँड्रा स्वतः गायली याबद्दल मला शंका नाही. परंतु 'मारिया मॅग्दालेना'चे ध्रुवपद नीट ऐका. तिथे ती एकटी नाही, तिच्या ओळीला मागून पुरुषांचे आवाज उत्तर देतात आणि ध्रुवपदाचे सगळे वजन त्या समूहाने उचलले आहे. चाल आणि शब्द क्रेतू, ह्युबर्ट केम्लर, मार्कुस ल्योर आणि रिचर्ड पामर-जेम्स या चौघांचे आहेत. केम्लर आणि ल्योर हे 'ह्युबर्ट काह' या जर्मन बँडमधले, आणि त्या बँडचेही ध्वनिमुद्रण क्रेतूच पाहत असे. पामर-जेम्स हा इंग्रज गीतकार, सुपरट्रॅम्प या रॉक बँडच्या अगदी पहिल्या संचातला वादक, आणि पुढे किंग क्रिम्सन या दुसऱ्या बँडसाठी गीते लिहिणारा. एवढी तयारीची माणसे एका गाण्यामागे उभी असताना यश गायिकेच्या नावावर मांडणे हा त्या सर्वांवर अन्याय आहे.

खानापूरची रहिवासी

मी हार्मोनियम शिकलेली आहे आणि शाळेत संगीत शिकवते. शहापूरकरांच्या माहितीबद्दल आदर राखून मी दुसरी बाजू थोडी विस्ताराने मांडते.

सँड्रा लाउअर हिचा जन्म १८ मे १९६२ रोजी फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या झारब्रुकेन या जर्मन शहरात झाला. वडील फ्रेंच आणि आई जर्मन. (क्रेतूचा आणि तिचा जन्मदिवस एकच आहे, फक्त पाच वर्षांचे अंतर.) सीमेवरच्या शहरात दोन भाषा कानांवर घेऊन वाढणे म्हणजे काय हे आपल्याला निराळे समजावून सांगायला नको. पहिली ध्वनिमुद्रिका तिने १९७६ साली केली. ते गाणे तिच्या कुत्र्याविषयी होते आणि ते फारसे चालले नाही. तेव्हा ती शाळकरी मुलगी होती आणि क्रेतूचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

१९७९ साली ती फ्रँकफुर्टच्या अराबेस्क या तीन मुलींच्या गटात आली आणि तिथली मुख्य गायिका झाली. हा गट मायदेशापेक्षा जपानमध्ये कितीतरी अधिक लोकप्रिय होता, आणि सोव्हिएत संघातही त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. सुमारे पाच वर्षे ती दौरे करत होती, रंगमंचावर उभी राहून गात होती. क्रेतूची आणि तिची ओळख याच काळातली. तेव्हा क्रेतूला कोऱ्या मातीचा गोळा सापडला आणि त्याने त्याची मूर्ती केली, असे समजणे बरोबर नाही. पाच वर्षे लोकांपुढे गायलेली, माइकसमोर श्वास कुठे घ्यायचा हे पक्के माहीत असलेली गायिका त्याच्याकडे आली होती.

आणि त्यांचा पहिलाच प्रयत्न फसला हेही सांगायला हवे. १९८४ साली सँड्राने एकटीच्या नावावर जर्मन भाषेत 'यापान इस्ट वाइट' हे गाणे केले. अल्फाव्हिल या बँडच्या 'बिग इन जपान'ची ती जर्मन आवृत्ती होती. क्रेतू सोबत असूनही ते गाणे अजिबात चालले नाही. नुसत्या संयोजकाच्या कौशल्याने यश मिळत असते तर ते तेव्हाच मिळाले असते.

पुढच्याच वर्षी 'मारिया मॅग्दालेना' आले आणि पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथे पहिल्या क्रमांकावर गेले. या दोन गाण्यांत काय बदलले हे मी माझ्या विद्यार्थिनींना कीबोर्डवर दाखवते. दुसऱ्या गाण्यातली कडव्याची चाल तिच्या आवाजाच्या खालच्या भागात ठेवली आहे, जिथे तिला जोर लावावा लागत नाही. ती तिथे जवळजवळ बोलते. ओळीच्या शेवटी ती स्वर हलवत नाही, लांबवत नाही, सरळ सोडून देते. आपल्याकडे याला कोणी 'कोरडा' आवाज म्हणेल, पण या संगीतात तोच गुण ठरतो, कारण मागे सर्व यंत्रे चकाकत असताना पुढे एक स्थिर, न थरथरणारा स्वर लागतो. बेळगावचे हार्मोनियमवादक पं. रामभाऊ विजापुरे यांची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना साथीदाराने गाणाऱ्यासाठी जागा सोडणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. क्रेतूने इथे तीच गोष्ट यंत्रांकडून करून घेतली. कडव्यात वाद्ये विरळ होतात आणि ती ओळ संपवून थांबली की लगेच भरून येतात. जागा सोडायची तर कोणासाठी सोडायची ते आधी ठरलेले असावे लागते. ती चाल तिच्या आवाजाचे माप घेऊन शिवलेली आहे, आणि ज्याच्या मापाने कापड शिवले त्याला केवळ 'वापरलेला आवाज' म्हणणे मला मान्य नाही.

टिळकवाडीकर

खानापूरच्या ताई, आपण सांगितलेली कडव्यातली विरळ जागा मी काल रात्री तीनचार वेळा ऐकली आणि ती स्पष्ट सापडली. शहापूरकर, चौघा रचनाकारांची नावे पत्रकावर घालण्याचे मी नक्की केले आहे.

एक शंका आहे. 'मारिया मॅग्दालेना'नंतरच्या गाण्यांपैकी कोणती घ्यावीत? आणि १९९० नंतरच्या एनिग्माला, म्हणजे क्रेतूच्या पुढच्या संगीतप्रकल्पाला, याच बैठकीत स्थान द्यावे की तो विषय निराळा समजावा? वेळ दीड तासाचा आहे.

निपाणीकर

गाण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. १९८५चेच 'इन द हीट ऑफ द नाइट' घ्या, कारण ते जर्मनीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि पहिले यश योगायोगाचे नव्हते हे त्यातून कळते. १९८६च्या 'मिरर्स' या अल्बममधले एखादे पुरे. १९८७चे 'एव्हरलास्टिंग लव्ह' हे मूळचे १९६७ सालचे अमेरिकन गाणे आहे. मूळ गाणे आणि सँड्राची आवृत्ती एकापाठोपाठ लावलीत, तर संयोजक नेमके काय करतो हे व्याख्यान न देताही कळेल. १९८८च्या 'इन्टू अ सीक्रेट लँड'मधले 'हेवन कॅन वेट' मात्र सोडू नका. त्यात गिटार आणि कीबोर्ड यांचा तोल बदललेला आहे आणि ताल पूर्वीसारखा अंगावर येत नाही.

एवढे सर्व होऊनही ब्रिटनमध्ये तिला म्हणावे तसे यश मिळाले नाही, हेही आवर्जून सांगा. युरोपच्या मुख्य भूमीवर घरोघरी माहीत असलेली गायिका खाडीपलीकडे जवळपास अनोळखी राहिली.

चिकोडीचा जुना श्रोता

एनिग्मा वगळलात तर गोष्ट अर्धी राहील. माझ्या मते या दोघांच्या सोबतीचे सर्वांत विलक्षण फळ तेच आहे.

विवाहाच्या सुमारास हे दोघे स्पेनच्या इबिझा बेटावर राहायला गेले आणि क्रेतूने तिथे ए.आर.टी. नावाचा स्वतःचा स्टुडिओ थाटला. १९९० सालचा सँड्राचा 'पेंटिंग्ज इन यलो' हा अल्बम इथला. त्याच काळात क्रेतू दुसरे काहीतरी रचत होता, आणि ते त्याने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले नाही. एनिग्माच्या पहिल्या अल्बमवर त्याचे नाव 'कर्ली एम. सी.' असे आहे, कारण रुमानियन भाषेत 'क्रेत्सू' म्हणजे कुरळ्या केसांचा. त्याचा सहकारी फ्रँक पीटरसन 'एफ. ग्रेगोरियन' या नावाने आला. सँड्राच्या पॉप गाण्यांचा निर्माता म्हणून आधीच मत बनवून लोकांनी ऐकू नये, हा त्यामागचा हेतू होता. 'सेडनेस' हे गाणे १९९०च्या अखेरीस आले आणि जानेवारी १९९१मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकेत ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेले.

आता त्या गाण्यात काय काय आहे ते पाहा. लॅटिन भाषेतले ग्रेगोरियन स्तोत्रगान, संथ डान्स-बीट, शाकुहाची या जपानी बासरीचा इम्युलेटर नावाच्या सँपलरमधून (ध्वनिमुद्रित आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रातून) काढलेला स्वर, आणि या सगळ्यांच्या मधोमध फ्रेंच भाषेत कुजबुजणारा एका स्त्रीचा आवाज. तो आवाज सँड्राचा आहे. ब्रिटन आणि अमेरिका या ज्या दोन बाजारपेठांनी तिला तिच्या नावाने कधी नीट ओळखले नाही, त्यांनी तिचा नुसता श्वास ऐकून ती ध्वनिमुद्रिका लाखोंनी विकत घेतली. हे वाचल्यावर मला फार वेळ काही सुचले नव्हते. फ्रेंच बोलणाऱ्या वडिलांच्या मुलीने, सीमेवरच्या शहरात कानावर पडलेल्या भाषेत म्हटलेल्या त्या ओळी आहेत, आणि त्यांत उच्चाराचा जो सहजपणा आहे तो कुठल्याही यंत्रातून मिळणार नव्हता.

परंतु श्रेयाचा प्रश्न इथे आणखी गंभीर होतो, आणि तो बैठकीत टाळू नये असे मला वाटते. स्तोत्रगानाचे तुकडे कॅपेला अँटिका म्युन्शेन या गायकवृंदाच्या १९७०च्या दशकातील ध्वनिमुद्रिकेतून घेतलेले होते. त्यावर हक्काची तक्रार झाली आणि भरपाई देऊन प्रकरण मिटवावे लागले. एवढे होऊनही १९९३च्या 'द क्रॉस ऑफ चेंजेस' या अल्बममधल्या 'रिटर्न टू इनोसन्स'मध्ये तैवानमधल्या आमी जमातीचे वृद्ध गायक दिफांग दुआना आणि त्यांच्या पत्नी यांचा आवाज त्यांचे नाव न देता वापरला गेला. त्यांचे गायन १९८८ साली युरोपच्या दौऱ्यात फ्रान्समध्ये ध्वनिमुद्रित झाले होते. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारात हे गाणे जगभर वाजले. दिफांग यांनी १९९८ साली दावा दाखल केला, आणि १९९९ साली न्यायालयाबाहेर तडजोड होऊन त्यांना श्रेय मिळाले. क्रेतूचे म्हणणे असे होते, की ते गायन हक्कमुक्त असल्याची आपली समजूत झाली होती.

आपल्याच भागातले उदाहरण द्यायचे तर अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. १८८० सालच्या 'शाकुंतला'पासून त्यांनी लोकांच्या ओळखीच्या चाली घेऊन त्यांवर पदे बांधली, आणि त्यांत कानडी मुलखातल्या चालीही आल्या. चाल घेणे आपल्या परंपरेला नवीन नाही. पण घेतलेली चाल नव्या गळ्यातून नव्याने गायली जात असे. सँपलरमध्ये मात्र त्या माणसाचा प्रत्यक्ष गळाच उचलला जातो. दिफांग यांचा आवाज ऐकताना हा फरक माझ्या मनातून जात नाही. गाणे अत्यंत सुंदर आहे, आणि तरीही पत्रकावर त्यांचे नाव ठळक असावे अशी माझी विनंती आहे.

शहापूरकर

चिकोडीच्या काकांनी सांगितलेली हकीकत माझ्याच मुद्द्याला बळ देते असे मी म्हणणार होतो, कारण आवाज कोणाचाही घेऊन अंतिम वस्तू घडवणारा क्रेतूच आहे. पण काल रात्री 'मारिया मॅग्दालेना' आणि 'सेडनेस' ही दोन्ही गाणी एकामागून एक ऐकली आणि माझे मत थोडे हलले, हे प्रांजळपणे सांगायला हवे.

पहिल्या गाण्यात ताल धावतो आणि सँड्रा सावकाश जाते, जसे टिळकवाडीकरांच्या आजींनी म्हटले होते. पाच वर्षांनंतरच्या दुसऱ्या गाण्यात तालच सावकाश झाला आहे. सँड्राने आपली चाल बदललेली नाही. ती १९८५ साली जशी माइकजवळ येऊन जवळजवळ बोलत होती, तशीच १९९० सालीही आहे. बदलला तो क्रेतू. पाच वर्षे रोज तो आवाज स्टुडिओत ऐकल्यावर त्याला आपली यंत्रे त्या गतीला आणावीशी वाटली असतील, असा अंदाज मी करतो. हा अंदाजच आहे, पण ऐकताना तो खरा वाटतो.

खानापूरची रहिवासी

शहापूरकर, हे आपण फार चांगले टिपले आहे. मी याला एक पुरवणी जोडते. २००२ सालच्या 'द व्हील ऑफ टाइम'पर्यंत क्रेतू तिच्यासोबत होता. २००७ सालचा 'द आर्ट ऑफ लव्ह' हा अल्बम तिने त्याच्याविना केला, आणि ते काम येन्स गाड याने पाहिले, जो पूर्वी एनिग्मात क्रेतूचा सहकारी होता. त्यानंतर २००९ आणि २०१२ सालीही तिचे अल्बम आले. या ध्वनिमुद्रिकांना पूर्वीइतके यश मिळाले नाही, परंतु आवाज ऐकताक्षणी ओळखू येतो. क्रेतूनेही सँड्राविना एनिग्मा चालू ठेवले, आणि त्यात दुसऱ्या गायिका आल्या. दोघांचीही वेगळेपणीची एकेक रचना दहा मिनिटांत ऐकवता येईल. एकमेकांविना कोणाचे काय उरते हे श्रोत्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावे, त्यासाठी आपण कोणी भाष्य करण्याची गरज नाही.

टिळकवाडीकर

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. पत्रकाचा मजकूर आज सकाळी छापखान्यात दिला, तो इथे नोंदवून ठेवतो. वरच्या ओळीत 'सँड्रा आणि मायकेल क्रेतू' अशी दोन्ही नावे एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. त्याखाली 'आवाज : सँड्रा' आणि 'रचना, संयोजन, ध्वनिमुद्रण : मायकेल क्रेतू'. त्याखाली केम्लर, ल्योर आणि पामर-जेम्स यांची नावे, आणि शेवटी स्वतंत्र ओळीत 'गायन, रिटर्न टू इनोसन्स : दिफांग दुआना व त्यांच्या पत्नी, आमी जमात, तैवान'. कन्नड मजकूर करणाऱ्या आमच्या स्नेह्यांनीही 'निर्मापक' हा शब्द गाळून तीन कामे वेगवेगळी लिहिली आहेत. ज्येष्ठ सभासदांना मी मसुदा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि दिफांग यांच्या नावाचा उच्चार विचारून घेतला.

क्रम असा ठरवला आहे, की सुरुवात 'यापान इस्ट वाइट'ने, म्हणजे फसलेल्या गाण्याने करायची. मग 'मारिया मॅग्दालेना', आधी फक्त ताल ऐकण्याची सूचना देऊन एकदा आणि नंतर पूर्ण एकदा. 'एव्हरलास्टिंग लव्ह'च्या दोन आवृत्त्या, 'हेवन कॅन वेट', त्यानंतर 'सेडनेस' आणि 'रिटर्न टू इनोसन्स', आणि अखेरीस २००७ सालचे एक गाणे. काकांची मूळ कॅसेट अजून घरात आहे. फीत मधे थोडी ताणली गेल्याने दुसऱ्या कडव्यात सूर किंचित उतरतो, तरीही 'मारिया मॅग्दालेना' पहिल्यांदा तिच्यावरूनच लावण्याचे ठरवले आहे. कॅसेट वाजवणारे यंत्र निपाणीकर घेऊन येत आहेत, त्यामुळे तेवढी एक चिंता मिटली.